मासिक साहित्यवाचन, सोलापूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सोलापुरात आम्ही कवी आणि गद्यलेखकांच्या वाचनाचा कार्यक्रम घेतो. नव्याने येणारे श्रोते, वाचू इच्छिणारे लेखक आणि कधी कधी त्यांचे कुटुंबीय जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे एका ओळीची आहेत, तर काही प्रश्नांबाबत आम्हाला सविस्तर बोलावेसे वाटले, म्हणून ती लांबली आहेत.

हा कार्यक्रम नेमका कशाचा आहे?

लेखकाने स्वतःचे लेखन, कागद हातात धरून, श्रोत्यांसमोर वाचायचे आणि श्रोत्यांनी ते नीट ऐकायचे, इतकेच या कार्यक्रमाचे स्वरूप आहे. एका संध्याकाळी पाच लेखक वाचतात. त्यांत साधारणतः तीन कवी आणि दोन गद्यलेखक असतात. सत्कार, शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत, दीपप्रज्वलन यांपैकी काहीही होत नाही. सूत्रसंचालक प्रत्येक लेखकाची ओळख तीन वाक्यांत करून देतो आणि बाजूला होतो.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात १९४१ साली वि. स. खांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली आणि त्यानंतर २००६ साली मारुती चितमपल्ली यांच्या अध्यक्षतेखाली भरले. चितमपल्ली तर मूळचे सोलापूरचेच. अशा संमेलनांचे महत्त्व मोठे आहे, परंतु ती एका शहरात अनेक दशकांतून एकदा येतात. लिहिणाऱ्या माणसाला दर महिन्याला कान लागतो, म्हणून हा कार्यक्रम लहान ठेवला आहे आणि नियमित ठेवला आहे.

कविसंमेलन किंवा कथाकथन यांपेक्षा हे वेगळे कसे?

महाराष्ट्रात साहित्य ऐकण्याची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायन लोकप्रिय केले. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी एकत्र गावोगाव फिरून काव्यवाचनाला हजारो श्रोते मिळवून दिले. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाच्या बाबतीत तेच केले. आम्ही या परंपरेचे ऋण मानतो.

मात्र कथाकथन आणि कथावाचन यांत एक मूलभूत फरक आहे. कथाकथनात कथा पाठ असते, कथनकार श्रोत्यांच्या प्रतिसादानुसार तिला ताणतो किंवा आवरतो आणि आवाज, हावभाव यांतून पात्रे उभी करतो. त्यामुळे कथाकथन ही स्वतंत्र सादरीकरणाची कला ठरते. कथावाचनात वाक्य जसे लिहिले आहे तसेच ऐकू येते आणि लेखकाने कोणता शब्द निवडला, कोठे थांबला, कोणते वाक्य मुद्दाम लांब ठेवले, हे श्रोत्याला कळते. आमच्याकडे वाचन होते. ज्यांना कथन करायचे आहे, त्यांच्यासाठी वर्षातून एक संध्याकाळ आम्ही वेगळी राखून ठेवतो.

कार्यक्रम कोठे आणि किती वाजता असतो?

शहराच्या मध्यभागी, पार्क चौकापासून चालत जाता येईल अशा एका वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावरील दालनात कार्यक्रम होतो. खुर्च्या साठ आहेत. सुरुवात सायंकाळी सहा वाजता आणि समाप्ती आठच्या आत होते. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत मात्र आपण सात वाजता सुरू करतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि सहा वाजता दालनाच्या भिंती इतक्या तापलेल्या असतात की कोणाचेही लक्ष शब्दांवर राहत नाही.

जानेवारीतील कार्यक्रम दुसऱ्याऐवजी चौथ्या शनिवारी असतो. ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेचे मुख्य दिवस मकरसंक्रांतीच्या आगेमागे येतात, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी मध्यवर्ती रस्ते बंद असतात आणि आपले निम्मे श्रोते यात्रेत असतात. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अक्षता सोहळ्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहविधीत, संमती कट्ट्यावर जेव्हा संमतीचे (मंगलाष्टकांसारख्या मजकुराचे) वाचन होते, तेव्हा हजारो माणसे हातात अक्षता धरून ते शब्द ऐकण्यासाठी थांबलेली असतात. मोठ्याने वाचलेला मजकूर एकाग्रतेने ऐकण्याची सवय या शहराला कोणी नव्याने लावायची गरज नाही.

प्रवेशशुल्क आहे का?

नाही. नावनोंदणीही लागत नाही. खुर्च्या भरल्यावर मागे सतरंजी घातली जाते.

मला माझे लेखन वाचायचे आहे. त्यासाठी काय करावे?

प्रथम एका कार्यक्रमाला श्रोता म्हणून यावे, ही आमची एकमेव अट आहे. काही लेखकांना ती खटकते, तरीही आम्ही ती शिथिल करत नाही, कारण समोरच्या साठ माणसांत एकदा बसून ऐकले की आपले कोणते लेखन येथे पोहोचेल याचा अंदाज लेखकाला आपोआप येतो. त्या दिवशी दाराजवळच्या टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची वही असते. तिच्यात आपले नाव, गाव आणि लेखनप्रकार लिहावा आणि वाचू इच्छित असलेल्या मजकुराची एक स्वच्छ प्रत सोबत द्यावी. हस्तलिखित चालेल, परंतु ते कागदाच्या एकाच बाजूस लिहिलेले असावे.

निवड कोण आणि कशाच्या आधारे करते?

तीन जणांची समिती प्रत्येक मजकूर आधी डोळ्यांनी वाचते आणि नंतर तिघांपैकी एक जण तो इतर दोघांना मोठ्याने वाचून दाखवतो. कागदावर उत्तम वाटलेला मजकूर अनेकदा या दुसऱ्या फेरीत अडखळतो आणि साधा वाटलेला मजकूर उजळून निघतो. निवड न झाल्यास आम्ही लेखी कळवतो आणि कारणही देतो. पुस्तक प्रकाशित झालेले असणे किंवा पुरस्कार मिळालेला असणे यांचा विचार होत नाही. वर्षभरातील वाचकांपैकी किमान एक तृतीयांश लेखक शहराबाहेरचे, म्हणजे बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, करमाळा, सांगोला अशा तालुक्यांतील असावेत, असा आमचा प्रयत्न असतो. बाहेरगावच्या लेखकाचे वाचन पहिल्या दोन क्रमांकांत ठेवले जाते, जेणेकरून त्यांना परतीची एस.टी. मिळेल. आषाढी वारीच्या दिवसांत बऱ्याच गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात, म्हणून त्या महिन्यात आम्ही बाहेरगावच्या लेखकांना शक्यतो बोलावत नाही.

वेळेची मर्यादा किती आहे आणि ती इतकी कडक का?

कवीसाठी आठ मिनिटे आणि गद्यलेखकासाठी बारा मिनिटे. हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा आणि काही वेळा नाराजीने विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

आमच्या पहिल्या काही कार्यक्रमांत मर्यादा नव्हती. एका संध्याकाळी पहिल्या दोन कवींनी मिळून सव्वा तास घेतला. त्यांच्या कविता चांगल्या होत्या. पाचव्या क्रमांकावर एक विडी कामगार भगिनी होत्या, ज्यांनी आयुष्यात प्रथमच लोकांसमोर वाचण्यासाठी चार पानांचा आठवणीवजा मजकूर आणला होता. त्यांची पाळी आली तेव्हा पावणेनऊ वाजले होते आणि दालनात अकरा माणसे उरली होती. त्यांनी पहिले पान वाचले, समोर पाहिले, उरलेली पाने घडी करून पिशवीत ठेवली आणि ‘राहू द्या, उशीर झालाय’ असे म्हणून त्या खाली बसल्या. ती चूक पूर्णपणे आयोजकांची, म्हणजे आमची होती. पुढच्या महिन्यात त्यांना पहिला क्रमांक देऊन तो मजकूर आम्ही पूर्ण ऐकला. तेंदूची पाने भिजवण्यापासून जुडी बांधण्यापर्यंतचे त्यातील वर्णन आजही अनेक श्रोत्यांच्या लक्षात आहे. वेळेचा नियम त्या संध्याकाळपासूनचा आहे.

वेळ संपत आल्याची सूचना घंटा वाजवून दिली जात नाही, कारण घंटेने कवितेची लय मोडते. पहिल्या रांगेत डाव्या टोकाला बसलेला आमचा कार्यकर्ता एक मिनिट उरले की मांडीवरची लाल वही उभी धरतो. ती दिसली की चालू कविता पूर्ण करावी आणि नवी सुरू करू नये.

घरी तयारी करताना एक हिशेब उपयोगी पडतो. मराठी गद्य स्वस्थपणे, श्रोत्याला समजेल अशा गतीने वाचले, तर मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. म्हणजे बारा मिनिटांसाठी १२०० शब्द पुरेसे आहेत. मोठ्याने, उभे राहून, घड्याळ लावून तीन वेळा वाचून पाहावे. मनातल्या मनात वाचून काढलेला वेळ नेहमी कमी निघतो.

माझी कादंबरी आहे. त्यातून बारा मिनिटांचा भाग कसा निवडावा?

पहिले प्रकरण निवडण्याचा मोह टाळावा. कादंबरीच्या सुरुवातीला लेखक बहुधा गाव, घर, नातेसंबंध यांची मांडणी करत असतो. पुस्तक हातात असलेला वाचक ती मागे उलटून पुन्हा पाहू शकतो, ऐकणाऱ्याला मात्र ती सोय नसते. ज्या प्रसंगात दोन किंवा फार तर तीन पात्रे आहेत, जागा एकच आहे आणि काहीतरी घडते किंवा घडता घडता राहते, असा प्रसंग घ्यावा. पात्रांची नावे एकाच अक्षराने सुरू होत असतील, तर ऐकताना घोटाळा होतो. अशा वेळी वाचनापुरता ‘तिचा धाकटा भाऊ’ असा उल्लेख केला तरी चालतो.

संवाद असतील तर ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ हे शब्द गाळू नयेत. छापील पानावर ते अनावश्यक वाटतात, कारण अवतरणचिन्हे दिसत असतात, परंतु कानाला अवतरणचिन्ह दिसत नाही. पूर्वपीठिका सांगायची असल्यास ती दोन वाक्यांत सांगावी. ती सांगण्यास पाच मिनिटे लागत असतील, तर निवडलेला भाग बदलावा, असा आमचा अनुभवाचा सल्ला आहे.

कविता गाऊन म्हटली तर चालेल का?

अभंग, ओवी, लावणी किंवा गझल यांची चाल ही त्या रचनेचाच भाग असेल तर अवश्य म्हणावी. वाद्यांची साथ मात्र घेता येणार नाही. मुक्तछंदातील कवितेला वाचनापुरती चाल लावू नये. मुक्तछंदाची लय ओळ कोठे तुटते यावर उभी असते आणि चालीत ती तुटण्याची जागाच पुसली जाते. प्रत्येक ओळ दोनदा म्हणण्याची कविसंमेलनातील पद्धतही येथे टाळावी. एखादी कविता पुन्हा ऐकावीशी वाटली तर श्रोते तसे सांगतात आणि त्यासाठी वेळ वाढवून दिला जातो.

मराठीशिवाय अन्य भाषेतील लेखन वाचता येते का?

होय, आणि सोलापुरात हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. या शहरात घराघरांत कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलली जाते. ज्या सिद्धरामेश्वरांना आपण ग्रामदैवत मानतो, त्यांची वचने, म्हणजे छोट्या भक्तिरचना, कन्नडमध्ये आहेत. पूर्व भागातील हातमाग आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या पद्मशाली कुटुंबांनी तेलुगू घरात आणि मराठी बाहेर, अशा दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. लक्ष्मीनारायण बोल्ली यांच्यासारख्या लेखकाने तेलुगू आणि मराठी या दोन्ही भाषांत काम केले. सोलापूरच्या साहित्याचा विचार करताना केवळ मराठी मजकूर समोर ठेवणे म्हणजे अर्धेच शहर ऐकणे होय.

पद्धत अशी आहे की मूळ रचना प्रथम पूर्ण वाचली जाते आणि त्यानंतर तिचा मराठी अनुवाद, शक्यतो दुसऱ्या व्यक्तीच्या आवाजात, वाचला जातो. ओळीमागून ओळ असा आलटूनपालटून अनुवाद आम्ही करून पाहिला होता. त्यात दोन्ही भाषांची लय हरवते. अनुवादासाठी आठ मिनिटे वेगळी दिली जातात. अनुवादक मिळत नसेल तर एक महिना आधी कळवावे, म्हणजे आम्ही शोधण्यास मदत करू. मूळ भाषा न समजणाऱ्या श्रोत्यांनी पहिल्या वाचनाच्या वेळी बाहेर जाऊन उभे राहू नये, अशी कळकळीची विनंती आहे. अर्थ कळण्यापूर्वी नाद ऐकलेला असला, तर अनुवाद अधिक खोलवर उतरतो.

सोलापुरी बोलीतले लेखन स्वीकारले जाते का?

निःसंशय. बोली प्रमाण भाषेत ‘दुरुस्त’ करून आणू नये. कन्नडच्या सहवासाने आपल्या मराठीच्या वाक्याला जो हेल आला आहे, तो छापताना बराचसा नाहीसा होतो आणि वाचनातच परत मिळतो. बोलीकडे केवळ हशा मिळवण्याचे साधन म्हणून पाहणारे लेखन मात्र आम्ही निवडत नाही. ज्या भाषेत आई मुलाला हाक मारते आणि मयताच्या घरी शोक होतो, ती भाषा गंभीर लेखनाला पूर्णपणे समर्थ आहे.

दुसऱ्या लेखकाचे साहित्य वाचता येईल का?

आपल्या वेळेत स्वतःचेच लेखन वाचावे. तथापि प्रत्येक कार्यक्रमाची पहिली पाच मिनिटे या परिसरातील दिवंगत साहित्यिकाच्या लेखनाच्या वाचनासाठी राखलेली असतात. सोलापूरचे शाहीर राम जोशी, बार्शीचे शाहीर अमर शेख, कवी संजीव, दत्ता हलसगीकर, त्र्यं. वि. सरदेशमुख अशी ही परंपरा मोठी आहे, आणि आपल्याच शहरातील तरुण लेखकांनी ती ऐकलेली नसते, याचे वाईट वाटते. ही पाच मिनिटे कोणत्याही श्रोत्याला मागून घेता येतात.

कायद्याबाबतही विचारणा होते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो आणि ही मुदत मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून मोजली जाते. म्हणजे १९९५ साली निधन झालेल्या कवीचे लेखन २०५५ अखेरपर्यंत संरक्षित आहे. प्रकाशित साहित्यातील वाजवी लांबीचा उतारा सार्वजनिक ठिकाणी वाचण्यास कायद्याने मुभा दिलेली आहे. आम्ही तरीही शक्य तेथे वारसांना आधी कळवतो, कारण त्यांच्यापैकी कोणी समोर येऊन बसले, तर त्या वाचनाला वेगळाच अर्थ येतो.

मोबाइलवरून वाचले तर चालेल का?

कागदावरून वाचावे, मोठ्या टाइपात छापलेल्या. पडद्यावरून वाचताना बोट सतत सरकवावे लागते, मान खाली राहते आणि आवाज माइककडे न जाता छातीकडे जातो. पाने टाचणी न लावता सुटी ठेवावीत, म्हणजे उलटताना आवाज होत नाही. डोक्यावरच्या पंख्याने ती उडू नयेत म्हणून चिमट्याचा पुठ्ठा वाचनपीठावर ठेवलेला असतो.

वाचनानंतर चर्चा होते का?

पाचही वाचने झाल्यावर वीस मिनिटे होते. प्रश्न मजकुराविषयी असावेत. ‘आपल्याला प्रेरणा कोठून मिळाली’ यासारख्या प्रश्नापेक्षा ‘तिसऱ्या कवितेत विहिरीचा उल्लेख दोनदा आला, तो मुद्दाम आहे का’ असा प्रश्न लेखकाला खरोखर काही देतो. एकदा एका निवृत्त यंत्रमाग कामगाराने एका तरुण कवीला शांतपणे सांगितले की मागावर आडवा धागा वाहून नेणारा धोटा तुटत नाही, तुटतो तो धागा. धोटा फार तर उडतो. कवीने तेथेच पेन्सिलीने ओळ बदलली. पुढे ती कविता छापून आली, तेव्हा ती बदललेल्या ओळीसह आली. आपल्या लेखनाला असा श्रोता मिळावा, यासाठीच आम्ही हे सारे करतो.

ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करता येते का?

श्रोत्यांनी करू नये. लेखकाने लेखी संमती दिल्यास आम्ही केवळ आवाज मुद्रित करतो आणि त्याची प्रत त्याला देतो. अनेक लेखक येथे अपूर्ण, चाचपडणारे लेखन वाचतात. ते पूर्ण होण्याआधी सर्वत्र फिरू लागले, तर पुढच्या वेळी ते सुरक्षित असेच काहीतरी निवडतील.

लेखकांना मानधन मिळते का?

बाहेरगावच्या लेखकांना प्रवासखर्च दिला जातो आणि सर्व पाच वाचकांना समान, छोटी रक्कम पाकिटातून दिली जाते. ती रक्कम श्रोत्यांनी दाराजवळच्या डब्यात स्वेच्छेने टाकलेल्या पैशांतून उभी राहते. लेखकाची पुस्तके विक्रीस ठेवता येतात आणि विक्रीचा पूर्ण पैसा त्याचाच असतो.

लहान मुलांना आणि वृद्धांना आणता येईल का?

मुलांना अवश्य आणावे. मूल कंटाळले तर मागच्या दाराने गच्चीत नेता येते. पहिल्या मजल्यावर जाण्यास लिफ्ट नाही, बावीस पायऱ्या आहेत. ज्यांना चढणे शक्य नाही अशा श्रोत्यांपैकी कोणीही एक आठवडा आधी कळवले, तर त्या महिन्याचा कार्यक्रम तळमजल्यावरील वाचनकक्षात घेतला जातो. तेथे जागा कमी आहे, परंतु आजवर त्याबद्दल कोणी तक्रार केलेली नाही.

वीज गेली किंवा मुसळधार पाऊस असला तर कार्यक्रम रद्द होतो का?

होत नाही. गेल्या पावसाळ्यात एका कवयित्रीच्या वाचनाच्या मध्यावर वीज गेली. माइक बंद पडला, पंखे थांबले. कोणी काही न सांगता मागच्या रांगांतील माणसांनी आपापल्या खुर्च्या उचलून पुढे आणल्या आणि वाचनपीठाभोवती अर्धवर्तुळ केले. एका श्रोत्याने कागदावर विजेरी धरली. उरलेल्या तीन कविता आणि त्यानंतरची एक पूर्ण कथा तशीच वाचली गेली. तेव्हापासून विजेरी आणि दोन मेणबत्त्या निळ्या वहीच्या शेजारीच ठेवलेल्या असतात.